सांजच्याला येतेल

"एवढी ओळ होऊ द्या."

हे तिचं वाक्य. दारात कुरिअरवाला उभा असो, गॅसवर दूध असो, नाहीतर मी स्वतः "वैनी, तुमचं दूध उतू चाललंय" म्हणून भिंतीपलीकडून ओरडत असो, मान वर न करता ती एवढंच म्हणायची आणि सुया चालू ठेवायची. ओळ संपली की रिकामी झालेली सुई अंबाड्यात खोचायची, विणकाम पिशवीत कोंबायचं आणि उठायचं. तोवर दूध ओट्यावरून फरशीवर आलेलं असायचं. ते पुसताना बोलणी मात्र दुधालाच. "जरा दम न्हाई का रं तुला?"

तुम्ही म्हणाल, सोनपेठात आणि विणकाम? उन्हाळ्यात तर इथं माणसाला अंगावर बनियनसुद्धा नको होतो. नेमकी त्याच दिवसांत ही बाई पंख्याखाली मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसलेली असायची. थंडीचा स्वेटर थंडीत विणायला घेतला तर तो गिऱ्हाइकाच्या अंगावर होळीला चढतो, हा तिचा हिशोब. आणि आमच्याकडची थंडी थोडेच दिवस येत असली तरी आली की हाडं धरते. पेपरात परभणीचा पारा घसरल्याची बातमी आली, की गल्लीतल्या सगळ्यांना एकदम तिची आठवण व्हायची.

स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं जनरल स्टोअर आहे. टिकल्या, बांगड्या, वह्या, रिबिनी आणि एका कप्प्यात लोकर. तो लोकरीचा कप्पा तिच्याच जिवावर चालायचा. आमची घरंही भिंतीला भिंत लागून, त्यामुळे ती मला दुकानातही दिसायची आणि घरातही. लोकर घ्यायला आली की गुंडा हनुवटीखाली घासून बघायची, डोळे मिटून. मग दुसरा, मग तिसरा. मी म्हणायची, "वैनी, लोकर घ्यायलाव का जावई बघायलाव?"

"जावई एकदाच बघितला ताई," ती म्हणायची. "त्यालाबी असंच बघाय पायजे व्हतं."

जावई तसा चांगला होता, नांदेडला होता. पण बोलायची संधी ती सोडायची नाही. तेव्हा तरी सोडायची नाही.

तिच्या घरात जेवढ्या खुंट्या तेवढ्या पिशव्या. स्वयंपाकघरातल्या पिशवीत साधं काम, म्हणजे शाळेचे स्वेटर, कारण ते पोळ्यांच्या मधल्या वेळात न बघता होतं. दाराजवळच्या पिशवीत टोपरी आणि पायमोजे, बाळंतविड्याचे. नक्षीचं काम देवघराशेजारी, तिथं उजेड चांगला म्हणून. एकदा तिनं कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता टाके मोजले, आणि वरण कच्चं राहिलं नि टोपरं मोठं झालं. दुसऱ्या एका बाळंतिणीच्या आईनं तक्रार केली की बाळाच्या टोपऱ्याला लसणाच्या फोडणीचा वास येतोय. हिनं ते टोपरं हातात घेतलं, हुंगलं, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "येतोय खरा. पर इथलंच लेकरू हाय की. आत्तापासून सवय झालेली बरी."

तिचा नवरा एस.टी.त ड्रायव्हर. धिप्पाड माणूस, बोलणं मोजकं. ड्यूटीवरून आला की हात-पाय धुऊन पाटावर बसायचा आणि दोन्ही मनगटं पुढं करायचा. जुने स्वेटर उसवून धुतलेल्या लोकरीच्या लडी ती त्याच्या मनगटांवर चढवायची आणि गुंडा करत जायची. दिवसभर स्टिअरिंग धरलेले ते हात संध्याकाळी लडी धरून बसलेले मी कितीदा बघितलेत. कुणाही पुरुषाच्या स्वेटरची ऑर्डर आली तरी माप त्याच्याच अंगावर. अंगणात दोन्ही हात पसरून उभा राहायचा. येणारे-जाणारे हसायचे, हा हसायचा नाही. "ड्रायव्हर साहेब, तुमचा स्वेटर कवा?" असं आमच्या ह्यांनी विचारलं, तर म्हणाला, "आमचा नंबर शेवटचा. आमी घरचे."

घरात तिसरं माणूस म्हणजे त्याची आई. म्हातारी मेंढपाळाच्या घरची. लग्नाआधीही मेंढरं, लग्नानंतरही मेंढरं, सगळं आयुष्य पालमच्या बाजूला रानोमाळ गेलेलं. मुलगा नोकरीला लागला, कळप विकला, म्हातारी सोनपेठात आली. दुकानातली लोकर हातात घेऊन ती नाकाला लावायची आणि खाली ठेवायची. "याला मेंढराचा वास न्हाई. कशाची लोकर म्हणायची ही?" तिचं खरंच होतं म्हणा. आमच्याकडच्या लोकरीनं मेंढरू कुठं बघितलंय?

ही म्हातारी हळूहळू विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मला ती कधी माझ्या नावानं हाक मारायची, कधी तिच्या मेलेल्या बहिणीच्या. सून कोण हे तिला कळायचं, मुलगा कळायचा. त्या दोघांपलीकडचं जग तिनं सोडून दिलं होतं.

आणि मग तो गेला. सकाळची गाडी घेऊन पालमला पोहोचला, स्टँडवर गाडी लावली, चहा सांगितला आणि बाकावर बसला तो तिथंच कलंडला. मी तेव्हा तिच्याच घरी होते, एका स्वेटरच्या रंगाचं विचारायला गेलेली. फोन आला. तिनं ऐकला. "बरं," म्हणाली. फोन खाली ठेवला आणि हातातली ओळ पूर्ण केली. मला वाटलं, काही किरकोळ असेल. ओळ संपल्यावर तिनं सुई अंबाड्यात खोचली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "ताई, हे गेले म्हणायलेत."

त्या दिवशी ती रडली नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडेल. ती दहाव्याला रडली नाही, तेराव्यालाही नाही. तिची मुलगी गळ्यात पडून रडत होती आणि ही तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, एखाद्या स्वेटरच्या सुरकुत्या काढाव्यात तशी.

रडली ती म्हातारी. आणि ती एकदा रडून थांबली नाही, याचं कारण वेगळं होतं. त्या दिवशी तिनं मुलाला बघितलं, छाती बडवून घेतली, आम्हा चार बायकांना आवरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि विचारलं, "माझा लेक रातच्याला आला न्हाई का गं?" कुणीतरी सांगितलं. म्हातारीनं पुन्हा तसाच हंबरडा फोडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिला प्रत्येक वेळी ती बातमी नवीन होती. जमलेल्या भावकीत वाद सुरू झाला. कुणी म्हणे, आई आहे, सांगायलाच पाहिजे. कुणी म्हणे, सांगून सांगून डोक्यात बसेल कधीतरी.

तेराव्याच्या दिवशी म्हातारीनं पुन्हा विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत वहिनीच बोलली. "ड्यूटीवर गेलेत आत्याबाई. सांजच्याला येतेल."

म्हातारी "बरं" म्हणाली आणि जेवायला बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

मग वहिनी भावकीकडं वळली. "माणूस एकदा मरतंय. आत्याबाईचं लेकरू रोज मरायलंय. आता बास. माझ्या घरात हे कुणी सांगायचं न्हाई."

मला वाटलं, चार दिवसांचं काम असेल. पण म्हातारीची प्रकृती मेंढपाळाची. पुढं दोन वर्षं ती जगली, आणि ती दोन वर्षं त्या घरात तो रोज संध्याकाळी येणार होता.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. पहिली अडचण आली कपाळाची. सकाळी म्हातारी सुनेकडं बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. "कपाळ का असं मोकळं? काय झालं गं? माझा लेक कुटं हाय?" दोन-तीनदा असं झालं. मग एके दिवशी दुपारी वहिनी दुकानात आली. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "ताई, टिकल्याचं पाकीट द्या. आन् बांगड्या. हिरव्याच."

मी पाकीट काढलं आणि हातातच धरून राहिले. आयुष्यभर टिकल्या विकल्यात मी, पण त्या दिवशी ते पाकीट काउंटरवर ठेवायला मला जमेना. तिनंच ते माझ्या हातातून सोडवून घेतलं. "मोठी बघून दिलीव ना?" म्हणाली. "आत्याबाईला लांबचं दिसत न्हाई."

गल्लीला विषय मिळाला. समोरच्या घरातली एक बाई मला म्हणाली, "नवऱ्याचं वर्ष झालं न्हाई, आन् टिकली, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या. म्हातारीचं निमित्त चांगलं सापडलं." मी तिला म्हटलं, "तुमची सासू कुठल्या निमित्तानं लेकीकडं राहायलीय ते आधी सांगा." त्यानंतर ती माझ्या दुकानात आली नाही. वहिनीला मात्र हे बोलणं कानावर येऊनही काही वाटलं नाही. राग नाही, लाज नाही. आरशात बघून टिकली लावायची आणि कुकर लावायला जायची. मला तिच्या त्या चेहऱ्याची भीती वाटायची, खरं सांगते.

दुसरी अडचण फोटोची. त्याच्या बरोबरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी मोठा फोटो करून आणला, खाली नाव, जन्म, मृत्यू सगळं छापलेलं. तो घरात लावणार कसा? ती फोटो घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "ताई, तुमच्याकडं भिंत हाय का मोकळी?" आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर भिंत मोकळी होती. त्या दिवसापासून शेजारचा ड्रायव्हर हार घालून आमच्या घरात राहायला आला. हारही तिनंच क्रोशानं केलेला, पांढऱ्या लोकरीच्या फुलांचा. आमच्याकडं पाहुणे आले की विचारायचे, "हे कोण, तुमचे मोठे भाऊ का?"

"न्हाई, शेजारी," आमचे हे सांगायचे.

"शेजाऱ्याचा फोटो? हार घालून?"

"भाड्यानं ठेवलाय," हे म्हणायचे. आणि मग उठून टीव्हीचा आवाज वाढवायचे.

सकाळी भाजी आणायच्या निमित्तानं ती यायची, चपला काढून हात जोडायची आणि लगेच निघायची. कधी बसली नाही. बस म्हटलं तर म्हणायची, "आत्याबाई एकट्या हायेत."

वर्षश्राद्धही आमच्याच घरी झालं. जावई आला, भावकीतले दोघं आले, हळू आवाजात सगळं चाललं होतं. पण स्वयंपाकाचा वास भिंत मानत नाही. म्हातारी अंगणातून ओरडली, "काय हाय गं आज तुमच्याकडं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सत्यनारायण!"

आता सत्यनारायण म्हटल्यावर प्रसाद आला. एका शेगडीवर श्राद्धाचा स्वयंपाक आणि दुसऱ्या शेगडीवर मी घाईघाईनं शिरा ढवळायला लागले. केळं नव्हतं, ते आणायला ह्यांना पळवलं. शिऱ्याची वाटी वहिनी घेऊन गेली, मागोमाग मीही गेले. म्हातारीनं प्रसाद कपाळाला लावला, दोन घास खाल्ले आणि वाटी बाजूला सारली. "उरलेला माझ्या लेकाला ठेव. त्याला शिरा लय आवडतोय."

वहिनीनं वाटीवर ताटली झाकली आणि ती ओट्यावर ठेवली. मग पुन्हा आमच्याकडं आली आणि वाढायला लागली. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

घरात जे जे विणलं जाई ते सगळं म्हातारीच्या लेखी मुलाचंच होतं. पायमोजे हातात घेऊन ती म्हणायची, "अगं, त्याचा अंगठा तरी मावंल का यात?" गुलाबी टोपरं बघून एकदा हसत सुटली. "हे घालून गाडी चालवणार व्हय तो?" वहिनी शांतपणे सांगायची, "वाढवायचं हाय अजून आत्याबाई." पूर्वीची वहिनी असती तर यावर दहा गोष्टी बोलली असती. आता नाही. पूर्वी विणताना ती गुणगुणायची, टाका सुटला की स्वतःला शिव्या द्यायची, नक्षी जमली की मला भिंतीवरून हाक मारून दाखवायची. आता टाका सुटतच नव्हता. स्वेटर पूर्वीपेक्षा चांगले होत होते, आणि त्यांच्याकडं बघून तिला काहीच होत नव्हतं. सकाळी विचारलं, "वैनी, कशा हाव?" तर "हाय की." संध्याकाळी विचारलं तरी "हाय की."

चूक एकदाच झाली. शाळेत जाणाऱ्या एका लहान पोराचा गडद निळा स्वेटर होता. पोराची आई घ्यायला आली आणि उलगडून बघतच राहिली. अंग पोराच्या मापाचं, आणि बाह्या भल्यामोठ्या, पोराच्या गुडघ्याला लागतील एवढ्या. वहिनीनं स्वेटर हातात घेतला. बाही हातभर ओढून धरली. तिला कळलं आणि मलाही कळलं, कारण ते माप अंगणात हात पसरून उभ्या राहणाऱ्या माणसाचं होतं. हातांनी आपलं जुनं माप धरलं होतं, आणि ती तिथं नव्हतीच. "उद्या देते," ती त्या बाईला म्हणाली. खाली बसली आणि दोन्ही बाह्या उसवल्या. म्हातारीनं दोन्ही मनगटं पुढं केली. वहिनीनं लोकर त्यांच्यावर गुंडाळली.

सगळ्यात कठीण दिवस आला तो गेलेल्या ड्रायव्हरच्या चुलत बहिणीच्या पायानं. ती बाई मेंढरं घेऊन लांब गेलेली, त्यामुळं मातीला आली नव्हती. उशिरा कळलं, आणि कितीतरी महिन्यांनी एका दुपारी ती थेट दारात उभी राहिली. आमच्याकडं रीत अशी, की माणूस गेल्यावर पहिल्यांदा त्या घरी जाणारी बाई उंबऱ्यावरच गळा काढते. न काढला तर तिला माया नाही असं म्हणतात. तिला कुणी आधी गाठून सांगितलं नव्हतं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि टाहो फोडला, "माझा राजा गेला गंऽ, माझा वाघ गेला!"

मी आवाज ऐकून धावले. तोपर्यंत म्हातारी भिंतीला धरत दारापर्यंत आली होती. "काय झालं? कोण गेलं गं?"

वहिनीच्या हातात सुया तशाच होत्या. आवाजसुद्धा बदलला नाही तिचा. "आत्याबाई, तिचं मेंढरू गेलं."

ती बाई रडायची थांबली आणि वहिनीच्या कपाळावरच्या टिकलीकडं बघायला लागली. वहिनीनं तिचा दंड धरला. घट्ट धरलेला मला दिसला.

म्हातारी खाली बसली. मेंढरू गेलं म्हणजे काय हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. "नर व्हता का मादी?"

"नर," वहिनी म्हणाली.

"रोगानं गेला?"

"न्हाई. बसल्या जागी."

"थोर व्हता का?"

आता ती बाई बोलली. तिला उमगलं होतं. "चांगला दांडगा व्हता काकी. पर लय गुणाचा. कवा कुणाला शिंग लावलं न्हाई त्यानं." आणि तिला पुन्हा रडू फुटलं.

म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "रड माय, रड. हातानं वाढिवलेलं जनावर लेकरावानीच असतंय. मला माईत हाय." असं म्हणत म्हातारीही रडायला लागली. स्वतःच्या मुलासाठी ती कितीतरी दिवसांनी रडत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून रडले. चौघींत डोळे कोरडे असलेली एकच बाई होती. तिनं विणकाम पिशवीत ठेवलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

म्हातारीची संध्याकाळ अवघड असायची. उन्हं उतरली की ती दारात येऊन बसायची आणि स्टँडकडून येणाऱ्या माणसांकडं बघायची. अंधार पडला की वहिनी तिला आत न्यायची. "आले, जेवले, झोपलेत. लय दमले व्हते." सकाळी विचारलं तर, "आत्ताच गेले. तुमी निजल्या व्हता." असा तो रोज येऊन जात होता. म्हातारी कधीकधी चिडायची, "एवढी कशाची ड्यूटी? तोंड दाखवाय काय झालं?" मग वहिनी म्हणायची, "मी बोलते त्यांला." मला वाटायचं, रोज हे बोलून हिच्या जिभेला फोड कसे येत नाहीत. एकदा मी म्हटलंही, "वैनी, तुमाला काय व्हत न्हाई का?" तिनं माझ्याकडं बघितलं, प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारलाय असं. "काय व्हायचंय ताई?" म्हणाली.

गेल्या थंडीत म्हातारीनं जेवण कमी केलं, मग सोडलंच. डॉक्टर येऊन गेले, वयाचं आहे म्हणाले. एका दुपारी अंगणात उन्हात खाटेवर पडली होती. वहिनी उशाला विणत बसलेली. मी भिंतीवरून वाकून बघितलं तेव्हा म्हातारी विचारत होती, "आला का?" आणि ही सांगत होती, "यायलेत. स्टँडवर उतरलेत." थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. मी गेले तेव्हा सगळं झालं होतं.

गल्लीनं जे म्हणायचं ते म्हटलं. पिकलं पान होतं. सुटली बिचारी, आणि सूनही सुटली. समोरची बाईसुद्धा येऊन बसली आणि वहिनीचा हात धरून म्हणाली, "लय केलंत तुमी." वहिनीनं मान हलवली. तिनं सगळं व्यवस्थित केलं. पाहुण्यांचं चहापाणी, दहावा, तेरावा. डोळ्याला पदर लागला नाही. जावयानं आमच्या भिंतीवरचा फोटो उतरवून त्यांच्या घरी नेला आणि म्हातारीच्या फोटोशेजारी लावला. आमच्या भिंतीवर चौकोन राहिला. टिकलीचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनंच ती काढली आणि आरशाला लावून ठेवली.

मुलगी आईला नांदेडला न्यायचं म्हणत होती. वहिनी हो म्हणाली, नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. घरातल्या पिशव्या एकेक करून खुंटीवरून उतरल्या, राहिलेल्या ऑर्डरी तिनं पूर्ण करून ज्याच्या त्याला पोचवल्या. जायच्या आदल्या दिवशी न उघडलेले लोकरीचे गुंडे परत द्यायला ती दुकानात आली. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी स्टूल पुढं केलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती घाई न करता बसली.

मांडीवरचे गुंडे मोजले. मग म्हणाली, "ताई, एक विचारू का?"

"विचारा की."

"आत्याबाईला आता कळलं असंल का?"

"काय?"

"हे तिकडंच हायेत म्हणून."

ती पुढं बोलत गेली. इतकी ती दोन वर्षांत मिळून बोलली नसेल.

"त्या विचारायच्या, मी म्हणायची, सांजच्याला येतेल. रोज म्हणायची. आन् हे तिकडं एकलेच. आता त्या तिथं गेल्या, त्यांला बघितलं असंल. म्हणतेल, माझं लेकरू इथं एकलं व्हतं आन् हिनं मला तिकडं दारात बसवून ठेवलं. मला आदी सांगितलं असतं तर मी कवाच आले असते. असंच म्हणतेल ना ताई? मी ठेवून घेतलं त्यांला. मला एकटीला घरात राहू वाटत नव्हतं. त्या व्हत्या तवर कुणीतरी म्हणायचं तरी, आला का. आता कुणी इचारत न्हाई."

मी तोंडाची फटकळ बाई. कुणालाही उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला.

"वैनी," मी म्हटलं, "म्हातारीच्या लेखी तो कुटं गेला व्हता? ड्यूटीवर. मग तिला तो दिसला आसंल तवा काय म्हणली आसंल ती? आलास का. लय उशीर केलास आज."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं हातातले गुंडे काउंटरवर ठेवले, त्यातला एक गडगडत खाली गेला, आणि तो उचलायला वाकली ती तशीच वाकून राहिली. आणि तिथून तो आवाज आला. दोन वर्षांपूर्वी यायला पाहिजे होता तो. नवऱ्याला ती नावानं कधी हाक मारत नसे, त्या दिवशी तिनं त्याला नावानं हाका मारल्या.

रिबिन घ्यायला एक बाई पायरी चढत होती, ती दारातूनच मागं फिरली. मी उठले, शटर अर्ध्यापर्यंत खाली ओढलं आणि तिच्याजवळ फरशीवर जाऊन बसले.